विश्राम म्हणेपर्यंत

रविवारी सकाळी साडेदहाला भुजंगच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याची लेक आकांक्षा पहिल्या बाळंतपणाला जालन्याला माहेरी आली होती आणि आज तिच्या मुलीचं बारसं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या होत्या, घुगऱ्या शिजत होत्या आणि मंठ्याहून आलेल्या सासरकडच्या बायका नावावरून आधीच हमरीतुमरीवर आल्या होत्या. भुजंग नवा सदरा घालून उगाच इकडून तिकडे फिरत होता. आजोबा झाल्याला बारा दिवस झाले तरी त्याला ते अंगवळणी पडलं नव्हतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"भुजंगदादा, पोटात रक्तस्राव आहे. निघा," एवढं बोलून डॉक्टर अंतरांनी फोन ठेवला. त्या कधीच याहून जास्त बोलत नसत.

शालूनं नवऱ्याचा चेहरा बघूनच ओळखलं. "आज्जाच न्हाई तर पोरीला पाळण्यात घालायचं कसं?"

"पाळणा काय मी हलवणार हाय का? बाया हायत की. जल्दी येतो."

"तुमचं जल्दी मला म्हाईत हाय," शालू म्हणाली आणि त्याच्या हातावर दोन पेढे ठेवून घुगऱ्यांकडे वळली. ऑनकॉलच्या माणसाशी बावीस वर्षं संसार केल्यावर बाई भांडणसुद्धा आटोपशीर करते.

भुजंग काम करायचा ते हॉस्पिटल माजी सैनिकांच्या योजनेतलं. जिल्ह्यातले निवृत्त जवान कार्ड घेऊन तिथंच यायचे, म्हणून लोक त्याला फौजींचा दवाखाना म्हणत. तिथले पेशंट जगावेगळे. अकराची वेळ दिली तर पावणेअकराला हजर. चपला नाहीत, बूट, तेही चकचकीत. दुखतंय का विचारलं की 'ठीक है'. हाड बाहेर आलेलं असलं तरी 'ठीक है'. नव्या नर्सेसना वाटायचं, या म्हाताऱ्यांना काही होतच नाही. जुन्या नर्सेस मात्र 'ठीक है' ऐकलं की आधी प्रेशर मोजायच्या.

भुजंग एक्स-रे टेक्निशियन. बावीस वर्षांत त्यानं दिवसाला शंभरदा दोनच शब्द म्हटले असतील: श्वास रोखा, श्वास सोडा. त्यातही लोक दुसऱ्या शब्दाची वाट बघत नाहीत. मशीनचा आवाज थांबला की सुस्कारा टाकून मोकळे होतात. त्यामुळे 'सोडा' म्हणायला तो कधीमधी विसरायचासुद्धा आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अंतरा मॅडम आल्या आणि भुजंगची रवानगी कॅथलॅबमध्ये झाली. मॅडम जालन्याच्याच, कचेरीत नोकरी केलेल्या नरहररावांची मुलगी. मुंबईला शिकल्या, आता ती काही परत येत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि त्या परत आल्या. त्यांचं काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भुजंगनं तोंडात बोट घातलं होतं. पोट फाडायचं नाही, पेशंटला झोपवायचं नाही. जांघेत सुईएवढं भोक पाडायचं, तिथून एक बारीक नळी रक्तवाहिनीत सरकवायची आणि पडद्यावर बघत बघत ती आतल्या आत हवी तिथं न्यायची. फुटलेली जागा सापडली की आतूनच बुजवायची. इतकी वर्षं भुजंग समजत होता की एक्स-रे म्हणजे फोटो. फोटोच्या आत हात घालून दुरुस्ती करता येते, हे त्याला अजूनही पुरतं पटलेलं नव्हतं.

अकराला पाच कमी असताना तो हॉस्पिटलात पोचला. कॅथलॅबच्या दाराशी स्ट्रेचर होतं आणि त्यावर हवालदार बद्रीनाथ, केदारखेड्याचे, वय चौऱ्याहत्तर. चेहरा चुन्यासारखा पांढरा, पण मिशी नीट कातरलेली. शेजारी त्यांची बायको झुंबरबाई कापडी पिशवी छातीशी धरून उभी होती.

मॅडमनी भुजंगला बाजूला घेतलं. "रात्रीपासून तीनदा रक्ताची उलटी झाली. गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्यात, आतड्याच्या तोंडाशी जखम आहे. सकाळी दुर्बीण घातली, पण आत इतकं रक्त आहे की काही दिसेना. हृदय कमजोर आहे, भूल देऊन पोट उघडलं तर टेबलावरून उठायचे नाहीत. चार पिशव्या रक्त दिलं, जेवढं देतोय तेवढं आत गळतंय." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "नळ कुठं फुटलाय ते मला दिसलं पाहिजे दादा. फोटो हलले तर मी आंधळी."

हलू न देणं हे भुजंगचं काम होतं.

तो आत वळणार तेवढ्यात झुंबरबाईनं त्याला थांबवलं. "भाऊ, आत तुम्ही राहणार का?"

"हो काकू. काळजी करू नका."

"काळजीचं न्हाई म्हणून राह्यले मी. ह्यांना काई सांगायचं तर बराबर सांगावं लागतं, ते सांगून राह्यले. दुधाकडं बघा म्हणलं तर बघत बसतेत. उतू चाललं तरी बघत बसतेत. का हो, उतरवलं का न्हाई? तर म्हणतेत, तू बघ म्हणली व्हती, उतरव कुठं म्हणली?" बोलता बोलता ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "पन्नास वर्षं दूध उतू घालवलं हो ह्या माणसानं माझं. अजून घालवू द्या म्हणावं."

भुजंगनं मान हलवली आणि आत गेला.

तारा सिस्टरनी हवालदारांना टेबलावर घेतलं होतं, नाकाला प्राणवायूची नळी लावली होती. भुजंग काचेपलीकडच्या खोलीत आपल्या जागेवर बसला. तिथून त्याला टेबल दिसायचं, पडदे दिसायचे आणि माइकमधून त्याचा आवाज आत जायचा. मॅडमनी जांघेत बधिर करायचं इंजेक्शन दिलं.

"दुखतंय का काका?"

"ठीक है साहेब."

पडद्यावर पोटाचं करडं चित्र आलं. भुजंगचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते डाव्या बरगड्यांखाली. तिथं एक काळा ठिपका होता, कडा वेड्यावाकड्या, करंगळीच्या नखाएवढा. हाड नव्हतं ते, लोखंड होतं.

"काका, हे काय?" मॅडमनी विचारलं. त्यांचे हात चालूच होते, नळी सरकत होती.

हवालदारांनी मान किंचित वळवून पडद्याकडे पाहिलं. "ते व्हय? एकाहत्तरचं हाय. तोफेचा गोळा फुटला, त्याचा तुकडा. थंडीत टोचतं जरा."

"काढला नाही कुणी?"

"डाक्टर म्हणले, राहू दे." आवाज खोल गेलेला, पण शब्द स्पष्ट. "आमचे साहेब म्हणले व्हते, बद्री, मी येईपर्यंत हितून हलायचं न्हाई. मी म्हणलं, जी. ते पुढं गेले, अन् मंग हे लागलं. दोन दिवसांनी दुसऱ्या पलटणीची माणसं आली उचलायला. मी म्हणलं, मला हलायचा हुकूम न्हाई. त्यांनी बळंच उचललं."

"आणि तुमचे साहेब?" तारा सिस्टरनी विचारलं.

"ते आलेच न्हाईत."

भुजंगनं त्या ठिपक्याकडे पुन्हा पाहिलं. हा तुकडा त्या पोटात गेला तेव्हा भुजंगचा जन्मही झाला नव्हता. त्याला एकाएकी फार लहान वाटलं.

"पोचले," मॅडम म्हणाल्या. "दादा, रन घेते. श्वास."

रन म्हणजे नळीतून रंगाचं औषध सोडून सलग घेतलेले फोटो; तेवढा वेळ पेशंट हलता कामा नये. भुजंगनं माइकचं बटण दाबलं. "काका, आता जरा श्वास रोखा हं."

"जी साहेब!" हवालदार खणखणीत ओरडले. पोट उचललं गेलं, नळीतून औषध आत गेलं आणि पडद्यावर सगळं पाण्यात हात फिरवल्यासारखं विस्कटलं.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

"काका, बोलायचं नाही बरं का. फक्त श्वास रोखायचा. रोखा."

"जी, न्हाई बोलत!"

पुन्हा सगळा चिखल. दुसऱ्या वेळी एवढंच कळलं की कुठंतरी काहीतरी गळतंय. कुठं, ते कळेना. प्रेशर पंचाहत्तरवर आलं. तारा सिस्टरनी रक्ताची पाचवी पिशवी टांगली आणि हातानं दाबून धरली.

"काका, ओ देऊ नका!" मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"साहेब, हुकूम ऐकला तर ओ द्यावी लागते," हवालदार म्हणाले. त्यांना धाप लागली होती, तरी ते समजावून सांगत होते. "ओ दिली न्हाई तर हुकूम पोचला का न्हाई, कळणार कसं?"

भुजंगला हसावं की रडावं कळेना. समोर माणूस मरायला टेकला होता आणि शिस्तीत मरायला टेकला होता.

"मंग कुठल्या हुकमाला ओ देत न्हाईत, काका?" त्यानं माइकमधून विचारलं. घाईत तोंडात घरची बोली आली होती.

हवालदारांनी काचेकडे पाहिलं. डोळ्यांत पहिल्यांदाच थोडी धुगधुगी दिसली. "परेडीत ओ न्हाई देत. अठरा वर्षं रंगरुटांना ड्रिल शिकवली मी. सावधान म्हणलं की माशी नाकावर बसली तरी हलायचं न्हाई. पण तुम्ही तर विनंती करून राह्यले साहेब. 'जरा', 'हं', 'बरं का'. असा हुकूम असतो का?"

"मी साहेब न्हाई काका, टेक्निशियन हाय."

"हुकूम देतो तो साहेब. आवाज पोटातून काढा."

मॅडमनी काचेतून भुजंगकडे पाहून मान हलवली. भुजंग खुर्चीतून उठला. बसून हुकूम देता येत नाही एवढं त्यालाही कळत होतं. शाळेत पंधरा ऑगस्टला ऐकलेला आवाज आठवून त्यानं बटण दाबलं आणि जन्मात काढला नव्हता तसा आवाज काढला.

"साव-धान!"

टेबलावरचा माणूस दगड झाला. बोटं मांडीला चिकटली, हनुवटी ताठ, छाती जागच्या जागी थांबली. साडेसात ग्रॅमवर आलेलं हिमोग्लोबिन, पंचाहत्तरचं प्रेशर, पोटात जळती जखम, आणि एक केस हलत नव्हता. मॅडमनी औषध सोडलं.

पडद्यावर झाड उगवलं. खोड, फांद्या, डहाळ्या, डहाळ्यांच्या टोकाशी दिसेल न दिसेल अशा रेषा. पिंपळाच्या वाळल्या पानाची जाळी उन्हात धरावी तसं सगळं मोकळं झालं. इतका स्वच्छ फोटो भुजंगनं बावीस वर्षांत पाहिला नव्हता. झोपवलेल्या पेशंटचासुद्धा नाही. आणि त्या झाडाच्या मधोमध एका फांदीच्या कडेला काळा थेंब उमटला, फुगला, पसरला.

"सापडलं!" मॅडम पुटपुटल्या.

"विश्राम!" भुजंग म्हणाला. छाती सुटली.

हवालदारही पडद्याकडेच बघत होते. "ठिबकची नळी फुटली म्हणा की," ते हळूच म्हणाले. केदारखेड्यात त्यांची मोसंबीची बाग होती. "पण साहेब, एका बाजूनं बंद करून भागायचं न्हाई. पाणी पलीकडूनबी येतं."

मॅडमचे हात क्षणभर थांबले. हेच शिकायला त्यांना तीन वर्षं लागली होती. "बरोबर काका. आधी पलीकडचं दार लावायचं, मग अलीकडचं."

मग जे झालं ते बघताना भुजंगला आपण कुठं आहोत याचा विसर पडला. मोठ्या नळीतून सुतासारखी दुसरी नळी निघाली, वळणं घेत फुटलेल्या जागेच्या पुढं गेली. तिच्या टोकातून तारेचं वेटोळं बाहेर आलं. आत जाताना सरळ असलेली ती तार बाहेर पडताच आपोआप गुंडाळून बसत होती. एक, दोन, तीन. पलीकडचं दार लागलं. नळी मागं आली, तशी अलीकडेही तीन. मॅडमच्या बोटांची हालचाल इतकी थोडी होती की लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाई नुसत्या उभ्या आहेत. मधूनमधून भुजंगचा सावधान, मधूनमधून विश्राम. तिघांचं काम एकाच तालात चाललं होतं आणि तो ताल टेबलावर पडलेल्या माणसानं धरला होता.

प्रेशर चढू लागलं. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. शंभर.

"शेवटचा रन," मॅडम म्हणाल्या. "लांबचा घेणार आहे. मागून कुठून झिरपतंय का, बघायचंय."

"साव-धान!"

औषध गेलं. झाड उगवलं. मधली फांदी आता नव्हती, तिच्या जागी वेटोळ्यांची छोटीशी माळ होती. सगळे वाट बघत होते. दहा सेकंद. पंधरा. वीस. डहाळ्या भरल्या, पुसट झाल्या, झाड हळूहळू विरून गेलं. काळा थेंब आलाच नाही.

"थांबलं!" मॅडम म्हणाल्या. "थांबलं, दादा!"

तारा सिस्टरनी देवाचं नाव घेतलं. भुजंगचे हात माइकवरून सुटले आणि आपोआप जोडले गेले. पडदा रिकामा झाला होता तरी तो त्याकडे बघतच राहिला. आपल्या डोळ्यांदेखत एक माणूस मरणाच्या दारातून परत आला, तेही एवढ्याशा तारेनं, एवढ्याशा भोकातून, आणि आपण त्या खोलीत होतो. त्याचा ऊर भरून आला. आत मॅडम मास्कच्या आड हसत होत्या.

घंटी वाजायला लागली तेव्हा आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"मॅडम, ऑक्सिजन!" तारा सिस्टर ओरडल्या. आकडा सत्त्याण्णव होता तो नव्वदवर आला होता. एकोणनव्वद. सत्त्याऐंशी. नाडीही मंदावत होती.

"काका! काका!" मॅडमनी त्यांचा खांदा हलवला. डोळे उघडे, छताला लागलेले. छाती बंद. "श्वास चालत नाहीये! ॲम्बू द्या, लवकर!"

सिस्टर फुगा आणायला धावल्या. श्वास घ्या असं कुणी म्हणालं नाही. ज्याला श्वास घेताच येत नाही असं वाटतंय, त्याला कोण म्हणेल? चौऱ्याऐंशी. काचेतून भुजंगला हवालदारांचे हात दिसले. बोटं मांडीला चिकटलेली, सरळ, एका रेषेत. मरणारा माणूस बोटं अशी ठेवत नाही.

दूध उतू चाललं होतं. उतरव असं कुणी म्हटलंच नव्हतं.

भुजंगनं बटणावर अक्षरशः झडप घातली. "विश्राम! विश्राम! विश्राम!"

टेबलावरून मोठा श्वास आत गेल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग खोकला. मॅडम हातात फुगा धरून तशाच उभ्या राहिल्या. आकडा खाली जायचा थांबला, थोडा रेंगाळला आणि वर चढू लागला.

भुजंग काचेपलीकडून धावत आत आला. "काका, मी विसरलो. माझं चुकलं. का धरून ठेवला हो एवढा? सोडून द्यायचा ना!"

हवालदारांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी श्वास जमवून जमवून उत्तर दिलं. "तुम्ही... विश्राम म्हणले न्हाईत."

"पण जीव गेला असता की!"

"मला वाटलं, तुम्हाला म्हाईत असंल, किती येळ धरायचा." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून भुजंगला ते जास्त लागलं. थोडं थांबून ते म्हणाले, "हुकूम दिला का सोडवायला यावं लागतं, साहेब. नवे रंगरूट आले की पहिल्याच दिवशी मी हे सांगायचो. त्यांना न्हाई, त्यांना शिकवणाऱ्या उस्तादांना."

भुजंगला वर बघवेना. आयुष्यभर त्यानं दोन शब्द म्हटले होते, आणि त्यातला दुसराच खरा जोखमीचा, हे त्याला आज कळलं.

मॅडमनीच वेळ सावरली. त्यांनी पडदा हवालदारांकडे वळवला. डाव्या बरगड्यांखाली तो जुना वेडावाकडा ठिपका, आणि तिथून चार बोटांवर तारांची नवी नाजूक माळ. "हे तुमचं जुनं. हे माझं नवं."

"दोन्ही आता हितंच राहणार का?"

"हो. काढायचं नाही."

"राहू द्या," हवालदार म्हणाले. "जागा लय हाय."

दीड वाजता जांघेतली नळी काढली. तिथून पुन्हा रक्त फुटू नये म्हणून उजवा पाय सहा तास सरळ ठेवायचा, दुमडायचा नाही, हा नियम. मॅडम दमून स्टुलावर बसल्या होत्या. "तुम्हीच सांगा दादा," त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकतात."

भुजंगनं टाचा जुळवल्या. "उजवा पाय, साव-धान! साडेसातला विश्राम मिळेल."

पाय ताठ झाला.

बाहेर झुंबरबाईला मॅडमनी सांगितलं की रक्त थांबलं. ती आधी भिंतीला टेकली, मग खाली बसली आणि पिशवीत तोंड घालून रडली. भुजंगनं खिशातले पेढे काढून तिच्या हातावर ठेवले. ते चेपून त्यांचा लगदा झाला होता.

घरी पोचायला तीन वाजले. नातीला पाळण्यात घालून झालं होतं, नावही ठेवून झालं होतं: प्रीती. भुजंगनं तिला मांडीवर घेतलं. तिची छाती वरखाली होत होती, कुणी न सांगता. तो ते बराच वेळ बघत बसला. शालूनं दोनदा जेवायला हाक मारली, मग ताट तिथंच आणून ठेवलं आणि काय झालं ते विचारलं नाही. पाहुणे गेले, उरलेल्या घुगऱ्या वाटल्या गेल्या, दारातल्या चपला कमी झाल्या. दुपारचा ताण उतरला तसा भुजंगचा बसल्या जागी डोळा लागला.

जाग आली ती आकांक्षाच्या आवाजानं. ती शालूला सांगत होती, "आई, पावणेआठ होऊन राह्यले, बाळाला घे जरा."

भुजंग ताडकन उठला. "साडेसात!" एवढंच म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

"आता कोणाचा फोन आला?" शालूनं विचारलं.

"कोणाचाच न्हाई," तो म्हणाला. "म्हणूनच जायचं हाय."

वाटेत त्यानं स्वतःची समजूत घालून पाहिली. वॉर्डात सिस्टर असतात, सहा तास झाले की त्या सांगतातच. लहान मूल आहे का ते? पाय हलवला असेल, चहा झाला असेल, आपण उगीच येड्यासारखे निघालोय. तरी त्यानं गाडीचा वेग कमी केला नाही.

वॉर्डात तो शिरला तेव्हा आठ वाजून गेले होते. हवालदार पलंगावर उताणे होते, तोंडावर थोडा रंग आला होता. अंगावरच्या चादरीत डावा पाय गुडघ्यात वर घेतलेला आणि उजवा सरळ, ताठ, पंजा छताकडे.

"या भाऊ," झुंबरबाई उठली. "बघा आता तुम्हीच. सिस्टर दोनदा सांगून गेली, मी मघाधरनं सांगून राह्यले, हलवा पाय, अवघडला असंल. तर बिलकुल न्हाई. म्हणतेत, ज्यांनी हुकूम दिला ते येतील."

"आणि मी आलो नसतो तर?"

"तेच म्हणलं मी. न्हाई आले तर? तर म्हणतेत..." तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "म्हणतेत, मागल्या टायमाला दोन दिवस थांबलो व्हतो."

भुजंग पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. नव्या सदऱ्यावर घुगऱ्यांचा डाग होता, पायात घरातल्या चपला होत्या. त्यानं टाचा जुळवल्या, हात मांडीला चिकटवले. पण आवाज निघाला तो हळूच.

"विश्राम."

"ऐकू न्हाई आलं," हवालदार छताकडे बघत म्हणाले. "पोटातून."

"विश्राम!"

आजूबाजूच्या पलंगांवरची दोनतीन म्हातारी माणसं दचकून इकडे बघू लागली. हवालदारांनी एक लांब श्वास सोडला. चादर हलली. उजवा गुडघा हळूहळू, कुरकुरत वर आला आणि डाव्याच्या शेजारी टेकला. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"बघ," ते म्हणाले, "साहेब परत आले."